सफरखर्चातील गळती : खाणेपिणे आणि व्यापाऱ्याचा नफा

माल खरेदीसाठी बाहेरगावी निघालेला व्यापारी हमालीवर घासाघीस करतो, ट्रान्सपोर्टची बिल्टी दोनदा वाचतो. मात्र खाण्यापिण्यावर किती गेले, हे त्याला परतल्यावर सांगता येत नाही. खिसा हलका झाला, एवढेच कळते.

धुळ्याहून सुरतेला कापड खरेदीसाठी मी बरीच वर्षे जात आहे. मध्यंतरी एका खेपेचा खर्च मी रोजमेळात बारकाईने लिहिला. दोन दिवसांत चहा आठ वेळा, 15 रुपयांप्रमाणे 120. पाण्याच्या पाच बाटल्या, 20 प्रमाणे 100. बिस्किटे, फरसाण, थंड पेय 80. जेवणाचा खर्च वेगळाच. म्हणजे ज्याने पोट भरत नाही, त्यावर 300 रुपये गेले. महिन्याला दोन खेपा धरल्या तर वर्षाचे 7,200 रुपये होतात. गळती जेवणात नाही, जेवणांच्या मधल्या वेळेत आहे.

यावर उपाय म्हणून उपाशी राहणे चुकीचे आहे. भुकेलेला माणूस सौदा लवकर उरकतो आणि थान नीट उलगडून पाहत नाही. शिळे खाणे तर त्याहून महाग. एकदा मे महिन्यात पैसे वाचवावेत म्हणून मी घरचा पुलाव बांधून नेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी खाल्ला. डॉक्टर व औषधे मिळून 1,800 रुपये गेले, आणि पाहून ठेवलेला माल दुसऱ्याने उचलला.

उर्दूत प्रवासाच्या शिदोरीला ‘तोशा’ म्हणतात. तोशा न्यावा, पण टिकणारा. ज्या पदार्थात पाणी कमी, तो जास्त टिकतो. दशम्या, कोरडी लसणाची चटणी, भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, खजूर हे दोन दिवस सहज चालतात. भात, रस्सा आणि मटण उन्हाळ्यात बांधून नेऊ नये. उकडलेली अंडी नेल्यास त्याच दिवशी संपवावीत. सकाळचा नाश्ता व मधली भूक तोशावर भागवावी आणि दिवसातून एकदा खानावळीत पोटभर गरम जेवावे. मांस हलाल असल्याची खात्री नसेल तेथे शाकाहारी थाळी घ्यावी. ती बहुधा स्वस्तही पडते.

पाण्यासाठी दोन लिटरची स्टीलची बाटली सोबत ठेवावी व ज्या गाळ्यावर बसाल तेथे भरून घ्यावी. विकतच घ्यायचे झाल्यास छापील किंमत पाहावी. रेल्वेच्या ‘रेल नीर’ची एक लिटरची बाटली 22 सप्टेंबर 2025 पासून 15 ऐवजी 14 रुपयांना झाली. थंड केल्याचे म्हणून दुकानदाराला छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही. रेल्वेत तक्रारीसाठी 139 आणि इतरत्र ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. मात्र हॉटेलात बसून बाटली घेतल्यास जादा दर लावता येतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2017 चा निकाल आहे. म्हणून झाकण उघडण्याआधी दर विचारावा. रेल्वेने 2023 पासून अनेक स्थानकांवर जनरल डब्यांजवळ 20 रुपयांत पुरी, भाजी व लोणचे देण्यास सुरुवात केली. तेही ध्यानात ठेवावे.

आता सर्वांत महाग जेवणाविषयी. ते म्हणजे फुकटचे जेवण! दलाल किंवा व्यापारी आग्रहाने हॉटेलात नेतो. ताटाचे 250 रुपये तो देतो आणि हात धुतल्यावर भावाची गोष्ट काढतो. अशा वेळी माणसाला ओढून धरणे जड जाते. मीटरला आठ आणे जरी जास्त दिले, तरी दोन हजार मीटरवर 1,000 रुपये गेले. पाहुणचार नाकारून कोणाला दुखवू नये, पण भाव ठरवून चिठ्ठी झाल्यावरच जेवायला बसावे. पुढच्या खेपेला आपणही त्याला चहा पाजावा, म्हणजे ओझे राहत नाही.

प्रदर्शनात आठ-दहा दिवस माल मांडणाऱ्या कारागिरांनी पहिल्याच दिवशी जवळच्या खानावळीशी पूर्ण मुदतीचा दर ठरवावा. तीन-चार स्टॉलवाल्यांनी मिळून डबा लावल्यास दर आणखी उतरतो, आणि जेवणासाठी स्टॉल सोडावा लागत नाही.

शेवटची गोष्ट हिशेबाची. निघताना खाण्यापिण्याची रक्कम वेगळ्या पाकिटात ठेवावी. मालाच्या पैशाला त्यासाठी हात लावू नये. बिले जपून ठेवावीत. धंद्याच्या सफरीचा खर्च हिशेबात धरता येतो, पण त्याला पुरावा लागतो. घरी आल्यावर त्याच रात्री रोजमेळात लिहावे, कारण दुसऱ्या दिवशी आठ चहांपैकी तीनच आठवतात. आणि मालाची पडतळ काढताना हा खर्चही त्यात धरावा. जो धरत नाही, तो तेवढी रक्कम स्वतःच्या नफ्यातून देतो आणि त्याला ते कळतही नाही.