मुक्या जिवाच्या सांध्याची साक्ष

मुके जनावर आपली वेदना सांगू शकत नाही. म्हणूनच क्ष-किरणांची साक्ष मोलाची ठरते. झपाट्याने वाढणाऱ्या डुकरांत कधीकधी हाडाच्या टोकावरील कूर्चेचा रक्तपुरवठा खुंटतो, तिचे हाडात रूपांतर होत नाही आणि प्रसंगी सांधा अधू होतो. या विकाराला ऑस्टिओकॉन्ड्रोसिस म्हणतात. पुष्कळदा दोष असूनही जनावर लंगडत नाही. क्ष-किरणांना कूर्चा दिसत नाही. परंतु हाडात राहिलेली उणीव चित्रात काळसर उमटते. १८९५ साली रंटगेन यांनी लावलेल्या शोधाचे हे फळ. नॉर्वेतील नॉर्स्विन ही पैदास संस्था २००८ पासून नरांचे सीटी स्कॅन करते. हा दोष अंशतः आनुवंशिक असल्याने निरोगी सांध्यांचे नर पैदाशीसाठी निवडता येतात. त्याने झालेला आजार बरा होत नाही. परंतु पुढच्या पिढीच्या यातना कमी होतात, हे काय थोडे झाले?