विमापत्रातील अणुधोक्याचे कलम

मोटारीचे किंवा कारखान्याचे विमापत्र ज्याने शेवटच्या ओळीपर्यंत वाचले असेल, त्याला युद्ध, परचक्र आणि बंड यांच्या शेजारी आणखी एक अपवाद नमूद केलेला आढळला असेल. अणुइंधनापासून किंवा त्याच्या ज्वलनानंतर उरणाऱ्या अवशेषांपासून निघालेला किरणोत्सर्ग ज्या हानीला कारणीभूत झाला असेल, त्या हानीबद्दल कंपनी काहीही देणे लागत नाही, असा त्याचा आशय असतो. हे कलम केवळ कंपन्यांच्या स्वार्थातून जन्मले असावे, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु त्याचा इतिहास पाहिला म्हणजे तो समज टिकत नाही.

त्याचे मूळ अमेरिकेत आहे. 1954 च्या अणुशक्ती अधिनियमाने तेथील खाजगी कंपन्यांना अणुभट्ट्या उभारण्याची वाट मोकळी झाली, आणि एखादी भट्टी बिघडून सभोवतालचा मुलूख विषारी झाला तर तेथील रहिवाशांची भरपाई कोणी करावयाची, हा प्रश्न लगोलग उभा राहिला. मार्च 1957 मध्ये ब्रुकहेवन येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेने अणुशक्ती आयोगासाठी जो अहवाल सिद्ध केला, त्यात अत्यंत प्रतिकूल परिस्थितीत 3,400 माणसे मृत्युमुखी पडतील, 43,000 जखमी होतील आणि मालमत्तेची हानी 700 कोटी डॉलरांपर्यंत जाईल, असा अंदाज वर्तविला होता. ही रक्कम कोणत्याही एका कंपनीच्या आवाक्यापलीकडची होती.

रक्कम मोठी, एवढीच अडचण असती तर तिच्यावर तोड निघाली असती. ज्या हजारो माणसांनी हप्ते भरले, त्या सर्वांवर एकाच दिवशी आपत्ती कोसळणार नाही, या गृहीतावर विम्याचा सारा व्यवहार उभा असतो; आणि अणुअपघातात नेमके तेच गृहीत ढासळते. भट्टीला पंप पुरविणारा कारखानदार, तिचा आराखडा काढणारा अभियंता, तिची देखभाल करणारा ठेकेदार अशा साऱ्यांवर एकाच घटनेपायी फिर्यादी दाखल होऊ शकतात, आणि यांपैकी कोणाकोणाचे दायित्व आपण पत्करून बसलो आहोत, याची खातरजमा अपघातापूर्वी करणे कंपनीला दुरापास्त असते. त्यात पुन्हा किरणोत्सर्गाने जडणारा कर्करोग दहा-वीस वर्षांनी प्रकट होण्याचा संभव असल्यामुळे हिशेब केव्हा मिटला, हेही निश्चयाने सांगता येत नाही.

म्हणून तेथील कंपन्यांनी आपापली सोसण्याची शक्ती सामायिक विमासंघांत एकत्र केली, ज्यायोगे एका भट्टीमागे 6 कोटी डॉलरांपर्यंतचे दायित्व पत्करणे शक्य झाले. आणि तेच ओझे दुसऱ्या दाराने पुन्हा अंगावर येऊ नये म्हणून इतर दायित्व-विमापत्रांना अणुधोका वगळणारी पुरवणी जोडली. त्यापुढील 50 कोटी डॉलरांची हमी 1957 च्याच प्राइस-अँडरसन अधिनियमान्वये सरकारने घेतली. मार्च 1979 मध्ये पेनसिल्व्हेनियातील थ्री माइल आयलंड येथे अपघात झाला, तेव्हा घरे सोडून गेलेल्या कुटुंबांचा तातडीचा खर्च, दोष कोणाचा याचा निवाडा होण्याची वाट न पाहता, याच विमासंघांनी चुकता केला. या कलमाचे समर्थन माझ्या मते एवढ्या एकाच अटीवर करता येते की, एका विमापत्रातून ज्याला वगळले, त्याला दाद मागण्यास दुसरे ठिकाण उपलब्ध असले पाहिजे.

आपल्याकडे ते ठिकाण फार उशिरा निर्माण झाले. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या 1969 साली वीज देऊ लागल्या. अणुहानीच्या नागरी दायित्वाचा अधिनियम मात्र 2010 साली संमत झाला. त्याने मोठ्या भट्टीच्या चालकाचे दायित्व 1,500 कोटी रुपये ठरविले, आणि तेवढ्याच क्षमतेचा भारतीय अणुविमा संघ मुंबईच्या भारतीय साधारण विमा निगमाच्या पुढाकाराने 2015 साली स्थापन झाला.

तरीही एक माणूस उघड्यावरच राहिला. 2010 च्या एप्रिल महिन्यात दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात एक जुने उपकरण फोडले गेले. दिल्ली विद्यापीठाने मोडीत काढलेल्या त्या उपकरणात कोबाल्ट-60 होते. त्याच्या किरणोत्सर्गाने अनेक कामगार भाजले आणि त्यांतील एक दगावला. भोपाळच्या दुर्घटनेनंतर घातक पदार्थांच्या अपघातग्रस्तांसाठी झालेला 1991 चा सार्वजनिक दायित्व विमा अधिनियम केवळ किरणोत्सर्गामुळे घडलेला अपघात आपल्या व्याख्येतूनच वगळतो. मायापुरीनंतर काही महिन्यांतच संमत झालेल्या 2010 च्या अधिनियमाने अणुसंयंत्रांचा विचार केला. वैद्यकीय किंवा औद्योगिक वापरासाठी सिद्ध झालेली समस्थानिके त्याने आपल्या कक्षेबाहेर ठेवली. एका कायद्याने ज्याला अणूचा विषय म्हणून नाकारले, त्याला अणूच्या कायद्यानेही थारा दिला नाही. कॅन्सरची रुग्णालये, ओतशाळा आणि तेलवाहिन्यांच्या जोडांची तपासणी करणारे ठेकेदार असली समस्थानिके नित्य हाताळतात, आणि ती हाताळणाऱ्या किंवा भंगारात नकळत उचलणाऱ्या मजुराला भट्टीशी काही कर्तव्य नसते. अमेरिकेतील पुरवणीचा रोख मुख्यत्वे अणुसंयंत्रांवर आणि त्यांतून बाहेर पडणाऱ्या द्रव्यांवर आहे. तीच मर्यादा आपल्या 1991 च्या व्याख्येला घालून, ज्या हानीला अणुदायित्वाचा कायदा लागू होतो तेवढीच वगळावी आणि उरलेल्या किरणोत्सर्गाची जबाबदारी समस्थानिकांच्या परवानाधारकाच्या सक्तीच्या विम्यात सामील करावी, अशी दुरुस्ती संसदेने अविलंब हाती घेतली पाहिजे.