कुठलं पापनाशम?

२००४ साली मी पापनाशमला गेलो ते एका लॉजची वेबसाइट करायला. मालक तंजावरी मराठी. घरात मराठी, गल्ल्यावर तमिळ आणि आडनावाच्या जागी नुसतं राव. मी त्यांना रावसाहेब म्हणायचो, ते मला ‘पुणेकर’. कुंभकोणमहून तंजावरला जाताना वाटेत लागणारं, कावेरीच्या खोऱ्यातल्या भातशेतीमधलं हे गाव. त्यांची मागणी एका ओळीची होती: “नाव टाकलं की आपलं लॉज वर यायला हवं.”

नाव टाकलं की! सगळी मेख तिथेच होती, पण तेव्हा मला ती दिसली नाही.

त्या काळी जे सगळे करत होते तेच मी केलं. पानाच्या डोक्यात, वाचकाला दिसत नाही अशा जागी, की-वर्डची माळ ओवली: पापनाशम लॉज, पापनाशम रूम, पापनाशम स्वस्त रूम. तळाशी पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत तीच माळ पुन्हा. ब्राउझरच्या पट्टीवर मात्र पानाचं नाव ‘वेलकम’. पत्ता एका सुंदर चित्रात रंगवलेला, म्हणजे सर्च इंजिनाच्या लेखी पत्ताच नाही. आणि रावसाहेबांच्या हौसेखातर केलेलं मराठी पान डीटीपीच्या फॉन्टमध्ये. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१पासून होती, पण हाताला सवय जुन्या कीबोर्डची. पडद्यावर ‘सुस्वागतम’ झोकदार दिसायचं. आत साठवलेली मात्र रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. मराठीत शोधणाऱ्याला ते पान सापडणं शक्यच नव्हतं.

सप्टेंबर २००९मध्ये गूगलने जाहीर करून टाकलं की क्रमवारी लावताना की-वर्डची ती छुपी यादी आम्ही विचारातच घेत नाही. माझी पाच वर्षांची माळ अशी विसर्जित झाली. त्यातून शहाणपण यायला हवं होतं. मी त्याऐवजी लिंका विकत घेतल्या. कुठकुठल्या डिरेक्टऱ्यांमध्ये, ज्यांचा पापनाशमशीच काय, तमिळनाडूशीही संबंध नव्हता. एप्रिल २०१२मध्ये ‘पेंग्विन’ नावाचा बदल आला, अशा लिंकांवरच घाव घालणारा, आणि साइट मागच्या पानांवर गेली. नको त्या लिंका नाकारण्याची सोय त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मिळाली. पैसे देऊन मिळवलेलं एकेक नाव यादीत घालून ‘हे आमचं नव्हे’ म्हणून कळवत बसलो. रावसाहेबांनी बिल विचारलं नाही, मीही लावलं नाही.

पण खरी अडचण माझ्या चुकांहून जुनी होती. पाप धुणारं तीर्थ एकच असावं असा आपल्याकडे नियम नाही. तिरुनेलवेलीकडे तामिरबरणीकाठी एक पापनाशम आहे, धरण आणि अगस्त्यर धबधब्याचं. केरळात वर्कलाला पापनाशम किनारा आहे. शिवाय पापनाशम शिवन, तमिळ कीर्तनांचे थोर रचनाकार (१८९०–१९७३), जन्माने पोलगमचे आणि नावाने या गावाचे. कुठल्याही यंत्राने गाव आणि गायक यांत गायक निवडला तर मी त्याला दोष देणार नाही. त्यात स्पेलिंग. तमिळमध्ये प आणि ब एकाच अक्षराने लिहितात, त्यामुळे गावात कानावर पडतं ‘पाबनासम’. मराठी माणूस टाइप करतो पापनाशम, पापनासम, कधी थेट पापनाशन. तंजावर, तंजावूर, तंजोर ही आणखी वेगळी गंमत.

आणि मग ३ जुलै २०१५ला कमल हासनचा ‘पापनाशम’ लागला. ‘दृश्यम’चा तमिळ अवतार, कथा घडते तिरुनेलवेलीच्या पापनाशममध्ये. नाव टाकलं की ट्रेलर, गाणी, खेळांच्या वेळा. लॉजवर फोन यायला लागले: धबधबा किती लांब? रस्त्याने तीनशेहून जास्त किलोमीटर, रावसाहेब शांतपणे सांगत.

त्या पावसाळ्यात मी ‘पापनाशम’ या शब्दावरचा हक्क सोडला. रावसाहेबांच्या गल्ल्याशेजारी दोन दिवस वही घेऊन बसलो आणि येणारा माणूस काय विचारतो ते उतरवून घेतलं. १०८ शिवालयम देऊळ सकाळी किती वाजता उघडतं? (रामलिंगस्वामींचं देऊळ, १०८ लिंगांमुळे हे नाव पडलं.) तिरुप्पालैत्तुरैच्या देवळातलं नायककाळातलं धान्याचं कोठार बघता येतं का? स्टेशनवरून चालत येता येईल? बृहदीश्वरातला भोसल्यांचा मराठी शिलालेख आणि सरस्वती महाल एका दिवसात होतं का? हे शेवटचं अर्थातच आपल्याकडच्या मंडळींचं. एकेका प्रश्नाला साध्या वाक्यांत उत्तर, इंग्रजीत, तमिळमध्ये आणि या वेळी युनिकोड मराठीत. ‘वेलकम’ पुसून तिथे लॉज, पापनाशम, तंजावर जिल्हा असं लिहिलं. चित्रातला पत्ता अक्षरांत आणला. नकाशावरची खूण मागच्या गल्लीत पडली होती, ती दारासमोर उभं राहून सरकवली.

चमत्कार झाला नाही. नुसतं ‘पापनाशम’ टाकलं तर आम्ही आजही दिसत नाही. पण देवळाच्या वेळा शोधणारा येतो, आणि तो खोली घेतो. २०१९ला शोधाची भाषेची समज वाढली, २०२४पासून वरच्या वर तयार उत्तर मिळू लागलं. त्या उत्तरासाठीही कुणीतरी कुठेतरी देवळाची वेळ नीट लिहिलेली असावी लागते.

मागच्या खेपेला गेलो तर रावसाहेबांचा मुलगा गल्ल्यावर होता. धबधब्याचे फोन अजून येतात का, विचारलं. त्याने काचेखालची चिठ्ठी दाखवली, वडिलांच्या अक्षरातली, कडा पिवळ्या पडलेल्या: ‘धबधब्यासाठी अंबासमुद्रम स्टेशनला उतरावे.’