कोतवाल बुकातली माणसं

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात घराण्याचा शोध सहसा कुणी हौसेनं घेत नाही. जातपडताळणी घ्यायला लावते. पोरीला प्रवेश हवा असतो आणि बाप तहसील कचेरीत खेटे घालतो. इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, अनुसूचित जातींना 1950 पूर्वीचा. मग दाखल-खारीज, बंदोबस्त मिसल, अधिकार अभिलेख, कोतवाल बुक, सगळं धुंडाळलं जातं. प्रमाणपत्र मिळालं की झेरॉक्स पेटीत जातात. एवढा शोध घेऊन पणजोबाबद्दल चार वाक्यं कुणी लिहीत नाही, याचं मला नवल वाटतं.

लिहायची रीत आपल्याकडे जुनी आहे. कोकणस्थ घराण्यांचे जाडजूड कुलवृत्तांत आहेत. ते उपयोगी आहेत, पण वाचवत नाहीत. तिथला प्रत्येक पूर्वज सत्शील आणि कर्तबगार! याउलट नरेंद्र जाधवांचं ‘आमचा बाप आन् आम्ही’ (1993) बापाच्या आठवणींवर उभं आहे आणि हातातून सुटत नाही.

कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंची नोंदवही, कुणाची स्तुती करत नाही. तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी. मृत्यू असेल तर कारण, बरेचदा नुसतं ‘ताप’. खबर देणारा कोतवाल पुष्कळ गावांत महार समाजातला. मालगुजाराच्या ओसरीवर ज्याला जागा नव्हती, त्याच्या सांगण्यावर मालगुजाराच्या पणतवाचं प्रमाणपत्र उभं राहतं.

समजा, एका घरात 1918 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात लागोपाठ तीन मृत्यू दिसले. इन्फ्लुएन्झाची साथ तेव्हा मध्य प्रांतात भरात होती. शेजारच्या घरांच्या नोंदीही त्याच पानांवर वाचाव्यात. मग आजा मामाकडे का वाढला, याचा अंदाज येतो. मात्र तो अंदाज म्हणूनच लिहावा. आज्याच्या तोंडी संवाद घातले की कादंबरी सुरू होते.

विणकर कोष्ट्यांचा शोध अवघड. ज्यांना जमीन नव्हती, त्यांचं नाव मिसलीत कुठून सापडणार? आंधळगाव-मोहाडीच्या विणकर घरांत मागापासूनच सुरुवात करावी: कोसा कुठून यायचा, लुगडी कोण न्यायचं, नागपूरच्या गिरणीत पहिला कोण गेला. तिथली एम्प्रेस मिल 1877 ची. 1896-97 आणि 1899-1900 चे दुष्काळ त्यानंतरचे. घरातल्या तारखा या तारखांशेजारी मांडल्या की गाव सोडण्याची कारणं दिसू लागतात.

वंशावळीच्या तक्त्यात लेकी-सुना बहुधा नसतातच. त्यांच्यासाठी घरातल्या म्हाताऱ्यांकडे बसावं लागतं: कोणती आजी कोणत्या गावची, लग्नात काय दिलं, कोणाशी बोलणं तुटलं. तुमसर-मोहाडीकडच्या सोयरिकी बालाघाटापर्यंत पोचलेल्या. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत भंडारा मुंबई राज्यात आला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं. आजीचं माहेर तिकडचं असेल, तर पुढचे कागद तिकडच्याच कचेरीत मागावे लागतात.