नदीकाठची व रानातली फेरी : पालकांसह एक पाठ

आपल्या सेनगाव तालुक्यास समुद्र नाही. भूगोलाच्या पाठात ‘किनारा’ हा शब्द आला म्हणजे मुले पुस्तकातील चित्राकडे पाहतात आणि पुढे जातात. परंतु काठ आपणांसही आहे. वाशीम जिल्ह्यातील रिसोड तालुक्यात उगम पावणारी कयाधू आपल्या तालुक्यातून वाहते आणि सीमेवर पूर्णेचा येलदरी जलाशय पसरलेला आहे. या पाण्याच्या कडेने आणि शेजारच्या रानातून मुलांना त्यांच्या आईवडिलांसह, आजीआजोबांसह हिंडवून आणावे, त्यासाठी काय तयारी करावी आणि त्यातून कोणता लाभ पदरी पाडून घ्यावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ही कल्पना नवी नव्हे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे, म्हणजे समुद्राच्या अगदी काठावर, ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासमवेत होत्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम करताना, गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत हे पाहून त्यांनी शाळाच कुरणात नेली. तीच ‘कुरणशाळा’. मूल जेथे आहे आणि मुलास जे ठाऊक आहे तेथून आरंभ करावा, हे तिचे तत्त्व. आपल्या घरच्या रीतीतही याचे बीज आहेच. कार्तिकात आवळीभोजनासाठी सारे घर रानात जाते. त्या जाण्याला अभ्यासाची जोड द्यावयाची, इतकेच आपले काम.

फेरी केव्हा काढावी?

दसऱ्यापूर्वी. यास कारण आहे. दसरा-दिवाळीनंतर आपल्या भागातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गाव सोडतात. काही मुले हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी राहतात, तर काही बिऱ्हाडाबरोबर जातात. एरवी या पालकांस शाळेत येण्याचे प्रसंग म्हणजे दाखला, सही किंवा तक्रार. ज्या जागी आपण नेहमी उणे ठरतो तेथे माणूस मोकळा होत नाही. रानात मात्र तो जाणता असतो. ज्या आईने चाळीस मुलांना गवताची नावे सांगितली, तिच्याशी ‘मुलाला गावीच ठेवता येईल का?’ हे बोलणे सोपे जाते. एका फेरीने स्थलांतर थांबते असे मी म्हणणार नाही. पण संबंध जुळतो, आणि पुढील सर्व बोलणे त्या संबंधावर चालते. ‘आनंददायी शनिवार’ या उपक्रमात ही फेरी सहज बसते.

पूर्वतयारी

आदल्या आठवड्यात शिक्षकाने ती वाट स्वतः चालून पाहावी. जाऊन येऊन दोन-अडीच किलोमीटरपेक्षा अधिक अंतर नसावे, कारण पहिलीतील मूल थांबत थांबत चालते. सकाळी सातला निघून ऊन तापण्यापूर्वी परत यावे. दर आठ मुलांमागे एक मोठे माणूस असावे. प्रत्येकाने पिण्याचे पाणी घरूनच घ्यावे. मुख्याध्यापकांची लेखी अनुमती व पालकांची संमती आधी मिळवावी. गावातील जाणत्या दोन-तीन व्यक्तींना, विशेषतः वृद्ध स्त्रियांना व गुराख्यांना, घरी जाऊन निमंत्रण द्यावे. चिठ्ठी पाठवून भागत नाही.

काठावर काय शिकवावे?

प्रथम पाणी कोठे जाते ते विचारावे. कयाधूचे पाणी पैनगंगेस मिळते, पैनगंगा वर्धेस, वर्धा वैनगंगेस मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीत जाते. पूर्णा मात्र परभणी जिल्ह्यातच गोदावरीस मिळते. म्हणजे आपल्या तालुक्यात एकाच दिवशी पडलेला पाऊस दोन वाटांनी निघतो, पुढे गोदावरीत एकत्र येतो आणि बंगालच्या उपसागरास मिळतो. येथे समुद्राचा विषय आपोआप येतो, आणि या वेळी तो मुलांच्या पायांशी असलेल्या पाण्यापासून निघालेला असतो. याच कयाधूच्या काठी नर्सी हे गाव आहे व ते संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते, हेही सांगावे.

मग गणित. काठावर दहा मीटर अंतर मोजावे, वरच्या खुणेपाशी पळसाचे पान टाकावे आणि खालच्या खुणेस पोहोचेपर्यंतचे सेकंद मोजावेत. वीस सेकंद लागले तर वेग सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजे ताशी १.८ किलोमीटर झाला. ‘हे पान एका दिवसात किती दूर जाईल?’ हा प्रश्न वर्गासाठी ठेवावा. ओल्या चिखलातील पाऊलखुणा, खंड्या, बगळा, टिटवी, हिवाळ्याबरोबर येणारा धोबी पक्षी, ही निसर्गाची पाटी तेथे उघडीच असते.

रानात काय पाहावे?

काळा दगड हाती द्यावा. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. त्यातील भोके म्हणजे त्या रसात अडकलेले वायूचे बुडबुडे. हाच दगड झिजून आपली काळी जमीन झाली. सागाचे कोवळे पान तळहातावर चोळले की हात लाल होतो. तरवडाची साल कातडे कमावण्यास वापरीत, पळसाच्या पानांच्या पत्रावळी होत. सीताफळ आपल्या रानात रुजले असले तरी मूळचे अमेरिका खंडातील. त्याच्या बियांचे चूर्ण उवांवर लावतात, परंतु ते डोळ्यांत गेल्यास इजा होते, हे पालकांसमक्षच सांगावे. यांतील बरेच आजीबाईंना ठाऊक असते. तेव्हा शिक्षकाने आधी विचारावे, मागाहून भर घालावी.

सावधगिरी

सुमारे तीस वर्षांपूर्वी, मी नवा शिक्षक असताना, एका वर्गास नदीवर घेऊन गेलो होतो. निघताना मुले मोजली, परतताना मोजली नाहीत. शाळेशी आल्यावर एक मुलगा कमी भरला. तो मागे बाभळीखाली पायातील काटा काढीत बसला होता. त्याला शोधण्यात गेलेला पाऊण तास मी अद्याप विसरलो नाही. तेव्हापासून माझा नियम असा की, पुढे एक व सर्वांत मागे एक मोठे माणूस असावे आणि दर थांब्यावर मोजणी व्हावी.

समुद्रकाठच्या शिक्षकास भरतीची वेळ पाहावी लागते. धरणाखालच्या पात्रात आपणांस तीच दक्षता हवी. येथे आभाळ कोरडे असले तरी वर पाऊस झाल्याने किंवा धरणातून पाणी सोडल्याने पात्र अचानक भरते. म्हणून अशा पात्रात मुलांना उतरवूच नये व आदल्या दिवशी चौकशी करावी. आश्विनात दुपारनंतर विजा होतात. गडगडाट ऐकू येताच पक्क्या इमारतीत परतावे, एकट्या झाडाखाली कधीही थांबू नये. आग्या मोहोळाजवळ धूर करू नये, दगड मारू नये. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. तो अवयव हलू न देता, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून अथवा मिळेल त्या वाहनाने, रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

परत आल्यावर

फेरी घरी परतल्याने संपत नाही. दुसऱ्या दिवशी मुलांनी वाटेचा नकाशा काढावा, झाडांची नावे लिहावीत आणि प्रत्येक माहितीपुढे ‘कोणी सांगितले’ हे नोंदवावे. असा तक्ता वर्गाच्या भिंतीवर लावावा. लिहिता-वाचता न येणाऱ्या एखाद्या आईचे नाव तिच्याच मुलाच्या अक्षरात तेथे दिसेल. मूल ते बोट ठेवून तिला वाचून दाखवील. ऊसतोडीस निघण्यापूर्वी तिने शाळेच्या भिंतीवर आपले नाव पाहिलेले असावे, एवढ्यासाठी तरी शिक्षकबंधूभगिनींनी ही फेरी दसऱ्याच्या आत काढावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.