झांजांचे मिडी रूपांतर

झांजांचे मिडी रूपांतर म्हणजे ड्रमसंचातील झांजांचे ध्वनिमुद्रित आघात ओळखून त्यांची मिडी संदेशांत नोंद करण्याची प्रक्रिया होय. या नोंदींच्या आधारे मूळ नादाच्या जागी दुसरा, आधी मुद्रित केलेला नमुना वाजवता येतो. बास ड्रम व स्नेअर यांच्याबाबत ही पद्धत रूढ आहे. झांजांच्या बाबतीत मात्र ती अवघड असून ध्वनिमिश्रक ती बहुधा टाळतात.

पार्श्वभूमी

मालाड येथे १९३४ साली स्थापन झालेल्या बॉम्बे टॉकीजच्या काळात गायन व सर्व वाद्ये एकाच ध्वनिपट्टीवर एकत्र उमटत. त्यामुळे एखादे वाद्य वेगळे काढून बदलण्याचा प्रश्नच नव्हता. प्रत्येक ड्रमला स्वतंत्र मायक्रोफोन व स्वतंत्र ट्रॅक मिळाल्यावर ते शक्य झाले. रॉजर निकल्स यांनी स्टीली डॅनच्या 'गाउचो' (१९८०) या अल्बमसाठी 'वेंडेल' हे यंत्र घडवले. त्याच वर्षीच्या लिन एलएम-१ या नमुनाधारित ड्रमयंत्रात क्रॅश व राइड या झांजा नव्हत्या, कारण त्यांचा लांब निनाद साठवण्याइतकी स्मृती तेव्हा फार महाग होती. मिडी मानक १९८३ साली आले. १९९१ च्या जनरल मिडीत बंद हाय-हॅटला ४२, खुल्या हाय-हॅटला ४६, क्रॅशला ४९ व राइडला ५१ हे स्वरक्रमांक मिळाले.

कार्यपद्धती व अडचणी

ध्वनीची पातळी ठरावीक उंबरठा ओलांडते तेव्हा संगणक एक मिडी स्वर नोंदवतो. आघाताचा जोर १ ते १२७ या अंकांत मांडला जातो. स्नेअरचा नाद चटकन विरत असल्याने हा हिशेब जुळतो. क्रॅश मात्र कित्येक सेकंद निनादत राहते. त्या निनादावरच दुसरा आघात पडला, तर पातळीत जेमतेम वाढ होते आणि तो आघात निसटतो. उंबरठा खाली आणावा, तर निनादातील चढउतारच आघात म्हणून नोंदले जातात. मऊ टोकाच्या काठ्यांनी हळूहळू फुलवत नेलेल्या नादात तर सुटा आघात दाखवताच येत नाही.

जोर मोजणेही फसवे ठरते. जोरात वाजवलेल्या क्रॅशमधील उच्च कंप्रता आघाताच्या क्षणी पूर्ण उमटत नाहीत. त्या नंतरच्या काही दशक मिलिसेकंदांत वाढत जातात. केवळ पहिल्या शिखरावरून जोर ठरवल्यास तो कमी भरतो. हाय-हॅट पायाने किती उघडली आहे ही माहिती आघातात सापडत नाही. ती निनादाच्या लांबीवरून ताडावी लागते. हाताने झांज धरून नाद तोडल्याची नोंदही वेगळी करावी लागते.

मुख्य अडचण मायक्रोफोनची आहे. झांजा सहसा संचावर टांगलेल्या मायक्रोफोनने टिपल्या जातात आणि त्यांत स्नेअर, टॉम व खोलीचा घुमारा हे सारे मिसळलेले असते. चाळणी लावून केवळ उच्च कंप्रता ठेवल्या, तरी स्नेअरचा कडक आघात त्यांतून सुटतोच. शिवाय ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे १.१ फूट जातो. म्हणून ३ फूट उंचीवरील मायक्रोफोनवरून घेतलेला स्वर सुमारे २.७ मिलिसेकंद उशिरा पडतो व मागे सरकवावा लागतो.

प्रत्यक्ष वापर

अंधेरी ते मालाड पट्ट्यात निवासी व व्यापारी इमारतींत अनेक छोटे स्टुडिओ आहेत. अशा खोल्यांचे छत ठेंगणे असल्यास तेथून परतणारा ध्वनी मूळ नादात मिसळून झांजांना पोकळ करतो, आणि मग त्या बदलण्याचा मोह होतो. पण झांजांचा ट्रॅक काढला की संचाचा एकसंध नादही जातो; ठेवला तर जुनी व नवी झांज दोन्ही ऐकू येतात. त्यामुळे ड्रम बदलून झांजा मूळच्याच ठेवणे हा सर्वसाधारण प्रघात आहे. लॉजिक प्रोच्या २००९ मधील ड्रम बदलण्याच्या सोयीतही बास ड्रम, स्नेअर, टॉम व 'इतर' असेच पर्याय होते. रूपांतर अटळ असेल, तर संगणकाच्या नोंदी कानाने तपासून हाताने दुरुस्त केल्या जातात. एकच नमुना सलग वाजला की यांत्रिकपणा लगेच जाणवतो, म्हणून एकाच जोराचे अनेक नमुने आलटून पालटून वापरतात.

भजनातील टाळाचेही हाय-हॅटप्रमाणे दाबलेला व खुला असे दोन नाद असतात, परंतु जनरल मिडीच्या तालवाद्यांत टाळाला क्रमांक नाही. त्यामुळे टाळाच्या नोंदींसाठी वापरकर्त्यास स्वतःचे क्रमांक ठरवून त्यांना नमुने जोडावे लागतात.