पवनारची ठेव

चैत्र शुद्ध नवमी जवळ आली की विदर्भातील भाविकांची पावले रामटेककडे वळतात. रामगिरीचे माहात्म्यच तसे आहे. परंतु रामकथेचा वारसा जपणारे आणखी एक प्राचीन नगर याच विदर्भात आहे. वर्ध्याहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आठ-नऊ किलोमीटरांच्या अंतरावर, धाम नदीच्या काठी वसलेले पवनार ते हेच. विनोबाजींचा आश्रम म्हणून हे गाव सर्वांच्या परिचयाचे आहे. पण एका प्रबळ राजकुळाची राजधानी म्हणून त्याची ओळख फार थोड्यांना असते. यंदाच्या रामनवमीच्या निमित्ताने वाचकांना आम्ही या नगरीचे दर्शन घडवू इच्छितो.

पवनारला येणाऱ्या प्रवाशाने प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. येथे राजवाडा नाही, उत्तुंग शिखराचे प्राचीन देवालय नाही. जिल्ह्याचे ठाणे असलेले वर्धा शहर तर 1866 साली पालकवाडी या खेड्याच्या जागी वसविलेले, म्हणजे अगदी अलीकडचे. पवनारचे वय मात्र शतकांत मोजावे लागते. 1967 साली नागपूर विद्यापीठाने येथे उत्खनन केले, तेव्हा ख्रिस्तपूर्व काळापासूनच्या वस्तीचे थर एकावर एक उलगडत गेले. आजचे गाव त्या थरांवरच नांदते आहे. कालची नगरी आणि आजचा संसार यांच्यामध्ये काही हात मातीचेच अंतर आहे.

इसवी सनाच्या पाचव्या शतकात विदर्भावर वाकाटकांचे राज्य होते. राजा दुसरा रुद्रसेन अकाली निवर्तला, तेव्हा त्याचे पुत्र अल्पवयीन होते. त्याची राणी प्रभावतीगुप्ता ही मगधाधिपती दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या. तिने राज्याचा भार उचलला. पुणे येथे मिळालेल्या ताम्रपटात ती स्वतःचा उल्लेख युवराज दिवाकरसेनाची माता असा करते. तो लेख तेराव्या वर्षातील आहे. म्हणजे तेरा वर्षे लोटल्यावरही ती राज्य चालवीत होती ते पुत्राच्या नावाने. रामगिरीच्या स्वामीवर तिची मोठी भक्ती होती.

पुढे तिचाच पुत्र दुसरा प्रवरसेन सिंहासनावर आला. त्याने प्रवरपूर नावाची नवी राजधानी वसविली. हा राजा स्वतः शिवभक्त. परंतु त्याच्या नावावर असलेले काव्य आहे ते रामकथेवर. महाराष्ट्री प्राकृतातील ‘सेतुबंध’ हे ते काव्य होय. सेतुबंधनापासून रावणवधापर्यंतची कथा त्याच्या पंधरा आश्वासांत सांगितली आहे. बाणभट्टासारख्या श्रेष्ठ कवीने प्रवरसेनाच्या कीर्तीचा गौरव केला, तो या काव्यामुळेच. आपल्या मराठीची पूर्वज असलेल्या भाषेत विदर्भाच्या राजाने रामकथा गावी, ही गोष्ट मराठी माणसाला अभिमान वाटावा अशीच आहे.

हे प्रवरपूर म्हणजेच पवनार, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. नावातील साम्य आणि येथे सापडलेली रामायणातील प्रसंगांची शिल्पे ही त्यांच्या प्रतिपादनातील महत्त्वाची सूत्रे. परंतु रामटेकजवळील मनसर येथे पुढे उत्खनन झाले, भव्य अवशेष उजेडात आले, आणि प्रवरपूर ते मनसरच, असे काही संशोधक म्हणू लागले. पवनारच्या काही शिल्पांच्या ओळखीविषयीही विद्वानांत मतभेद आहेत. हा वाद विद्वानांनी अवश्य करावा. यात्रिकाने मात्र त्यामुळे विन्मुख होण्याचे कारण नाही. राजधानीचा मान कोणाकडेही जावो, वाकाटककालीन शिल्पे पवनारच्या भूमीतून निघाली, हे तर निर्विवाद आहे.

ही शिल्पे पाहावयाची तर धामच्या तीरावरील उंचवट्यावर असलेल्या परंधाम आश्रमात जावे लागते. विनोबाजी 1938 साली प्रकृतीच्या कारणाने येथे आले. त्यापूर्वी, 1932 साली, धुळ्याच्या तुरुंगात त्यांची गीतेवरील प्रवचने झाली होती आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली होती. बाराव्या अध्यायाचे विवेचन करताना त्यांनी लक्ष्मणाची सगुण भक्ती आणि भरताची निर्गुण भक्ती उलगडून दाखविली. वनातून परतलेला राम आणि राज्यात राहून तपस्वी झालेला भरत यांच्या भेटीचे चित्र कोणी काढले तर किती पावन होईल, असे त्या वेळी त्यांना वाटले होते. पुढे पवनारला शेतात खणताना कुदळीला दगड लागला. तो माती दूर करून पाहतात तो राम-भरताच्या भेटीचेच शिल्प! विनोबाजींनी त्याची भक्तिभावाने स्थापना केली. आश्रमात आजही ते भरत-राम म्हणून पूजिले जाते. भूमीतून निघालेली इतरही शिल्पे आश्रमाच्या आवारात पाहावयास मिळतात.

या शिल्पापुढे उभे असता आम्हांला राहून राहून वाटले की, पवनारचे खरे माहात्म्य याच एका भेटीत साठविलेले आहे. भरताने चौदा वर्षे राज्य केले, पण ते रामाची ठेव म्हणून. प्रभावतीगुप्तेने राज्य सांभाळले, तेही पुत्राची ठेव म्हणून. गांधीजींनी धनिकांना विश्वस्तवृत्तीचा उपदेश केला. त्यांच्या अस्थी 12 फेब्रुवारी 1948 रोजी याच धामच्या पाण्यात विसर्जित झाल्या. नदीच्या पात्रातील छत्री त्याची साक्ष देते. आणि 1951 साली याच आश्रमातून पायी निघालेल्या विनोबांनी तेलंगणातील पोचमपल्लीपासून जमीनमालकांपाशी भूमी मागितली, ती भूमी कोणा एकाची नव्हे, या श्रद्धेने. सत्ता, संपत्ती आणि भूमी यांपैकी काहीच आपले नाही, ते आपणापाशी ठेवलेले आहे, हा विचार या एका गावाच्या परिसरात किती रूपांनी प्रकटला!

मग या नगरीचे जे अवशेष अद्याप मातीखाली आहेत, ते तरी कोणाचे? तीही ठेवच. घराचा पाया खणताना जुने नाणे निघाले, मूर्तीचा तुकडा लागला, तर तो भिंतीत चिणला जाऊ नये वा बाजारात विकला जाऊ नये. अशा निधीची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना देणे 1878 च्या कायद्याप्रमाणे आवश्यक आहे. परंतु कायद्याहून मोठा धाक मनाचा असतो. शेतात सापडलेला दगड एका साधूने सर्वांच्या दर्शनासाठी मांडला, हा आदर्श गावकऱ्यांच्या डोळ्यांसमोरच आहे.

रामनवमीच्या सुमारास येणाऱ्या यात्रिकाने सकाळच्या प्रहरीच पवनार गाठावे. चैत्रातले वऱ्हाडी ऊन पुढे सोसत नाही. प्रथम गावातून फेरी मारावी, मग नदीकाठी घटकाभर बसावे आणि शेवटी आश्रमात जावे. 1959 साली स्थापन झालेल्या ब्रह्मविद्या मंदिराच्या भगिनींची ही साधनाभूमी आहे, याचे भान ठेवून तेथे शांतता पाळावी. दुपारनंतर सेवाग्रामला जाऊन बापूंची कुटीही पाहता येते. परंतु घाई करू नये. भरत-रामापुढे क्षणभर अधिक थांबावे आणि आपल्या हाती कोणाकोणाची ठेव आहे, याचा विचार करावा. रामजन्माचा उत्सव त्यानेच खऱ्या अर्थाने साजरा होईल.